एडमंटनच्या हिवाळ्यात बांधकामावर उभं राहायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलचा डिप्लोमा आहे, साइट सुपरव्हिजनचा अनुभव आहे, कॅनडाचं पीआर (कायम राहण्याची परवानगी) हातात आलंय. जानेवारीत एडमंटनला उतरायचं आणि मनासारखी नोकरी मिळेपर्यंत बांधकामावर मिळेल ते काम करायचं. उणे ३० मध्ये माणूस उघड्यावर दिवसभर काम करू शकतो का, आणि थंडीचे कपडे भारतातूनच आणू का? मी अल्बर्टात, म्हणजे एडमंटन ज्या प्रांतात आहे तिथे, घरांचं फ्रेमिंग करतो, म्हणजे लाकडी घराचा सांगाडा उभा करायचं सुतारकाम. त्यामुळे उत्तर त्याच अंगानं येईल.

करू शकतो. पण उणे ३० रोज नसतं. जानेवारीत बहुतेक दिवस पारा उणे ५ ते उणे १५ च्या आसपास फिरतो. हवा कोरडी असते, आणि वारा नसला तर त्यात काम करणं त्रासाचंही नसतं. मधूनच उत्तर ध्रुवाकडची हवा खाली घसरते आणि काही दिवस सगळं आखडून जातं. २०२४ च्या जानेवारीत पारा उणे ४० च्या खाली गेला होता. १३ तारखेच्या संध्याकाळी प्रांतातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा वाजला, की विजेचा वापर ताबडतोब कमी करा.

तापमानापेक्षा वाऱ्याकडे लक्ष ठेवा. उणे २० ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, उणे ३३ होतं, आणि दुसऱ्या मजल्याच्या उघड्या डेकवर (लाकडी तळावर) आडोसा कशाचाच नसतो. विंडचिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. सकाळी हवामान बघताना हाच आकडा बघायचा.

अमुक तापमानाखाली काम बंद, असा आकडा कायद्यात नाही. पण शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात तयार झालेलं एक वेळापत्रक बऱ्याच ठिकाणी वापरतात. वारा नसताना उणे ३५ ला एका वेळी जास्तीत जास्त ५५ मिनिटं काम, मग ऊब असलेल्या जागी विश्रांती. उणे ४० ला ३० मिनिटं. उणे ४३ च्या खाली तातडीचं नसलेलं काम थांबवायचं. वारा असेल तर या मर्यादा आणखी आधी येतात. धोकादायक काम नाकारण्याचा हक्क मात्र तुम्हाला कायद्यानं आहे, नवीन माणसालाही. आपली माणसं नवीन असताना तो वापरत नाहीत. फोरमनला आपण कच्चे वाटू नये म्हणून बोटं बधिर झाली तरी गप्प राहतात. इथला जुना कामगार बोटं दुखायला लागली की सरळ ट्रकमध्ये जाऊन बसतो, आणि त्याला कोणी काही बोलत नाही.

कपडे तिकडून आणू नका. अंगाला लागून लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जाड ओव्हरऑल. सुती काहीही नको, बनियनसुद्धा नाही. कारण उणे २५ ला तुम्हाला खरा त्रास घामाचा होणार आहे. भिंत उचलताना, प्लायवुडचे ताव वर चढवताना माणूस पाच मिनिटांत तापतो. मग दहा मिनिटं मोजमाप घेत उभं राहिलं की तोच घाम पाठीवर बर्फासारखा लागतो. म्हणून काम सुरू करताना थोडं गारच वाटलं पाहिजे. जड काम आलं की चेन उघडायची, थांबलात की लावायची. दुपारी मोजे बदलायचे आणि हातमोज्यांचे तीन-चार जोड जवळ ठेवायचे, ओला जोड ट्रकच्या हीटरसमोर. हिरव्या त्रिकोणाची सीएसए (कॅनडाच्या मानक संस्थेची) खूण असलेले बूट लागतात, तिकडचे सेफ्टी शूज साइटवर चालणार नाहीत. बूट घट्ट घेऊ नका. जाड मोजे घालून बोटं हलायला जागा हवी, नाहीतर महागडा बूटसुद्धा गार पडतो.

हातांवर उपाय अर्धवटच आहे, हे आधीच सांगतो. जाड मिट (चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे) घातले की खिळा धरता येत नाही, पातळ हातमोजे घातले की बोटं टिकत नाहीत. बहुतेक जण आत पातळ, वर मिट, आणि नेमक्या कामापुरतं वरचं काढायचं असं करतात. खिळे किंवा स्क्रू तोंडात धरायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडा. गालावर, नाकाच्या शेंड्यावर कातडी गोठल्याचे पांढरट डाग दिसतात ते स्वतःला कळत नाहीत, म्हणून जोडीदारानं एकमेकांचा चेहरा बघायचा. असा डाग चोळायचा नाही. आत जाऊन हळूहळू ऊब द्यायची. बधिर हात थेट हीटरसमोर धरलात तर भाजतंय हेही समजत नाही.

हत्यारंही आखडतात. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, त्यामुळे चार्जर आणि बॅटऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये. नेलगनच्या, म्हणजे हवेच्या दाबानं खिळे ठोकणाऱ्या यंत्राच्या, पाइपात हवेतलं पाणी गोठतं आणि गन ऐनवेळी दगा देते. म्हणून कॉम्प्रेसर उबेत ठेवायचा आणि गनमध्ये हिवाळी तेल घालायचं. फ्लोअरचा गोंद नळीतून बाहेर येत नाही, साधी एक्स्टेंशन वायर काठीसारखी ताठ होते. सगळ्यात वाईट म्हणजे पहाटेचं दव लाकडावर गोठतं आणि डेकवर डोळ्यांना न दिसणारा बर्फ तयार होतो. अल्बर्टात ३ मीटर किंवा जास्त उंचीवरून पडण्याचा धोका असेल तर बचावाची व्यवस्था सक्तीची आहे. हिवाळ्यात हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) जाड कपड्यांवर चढवायला वेळ लागतो म्हणून तो टाळणारे भेटतील. त्यांचं बघून शिकू नका.

तुम्ही सिव्हिलचे, म्हणून काँक्रीटबद्दल. आजवर ते लवकर सुकू नये म्हणून पाणी मारत आलात. इथे ते गोठू नये म्हणून पांघरुणं घालाल. हवा ५ अंशांखाली जाण्याची शक्यता असली की थंडीतल्या काँक्रीटचे नियम लागू होतात. गोठलेल्या जमिनीवर ओतता येत नाही, कारण जमीन वितळली की पाया खचतो. म्हणून आधी गरम ग्लायकॉलच्या (सहज न गोठणाऱ्या द्रवाच्या) नळ्या पसरून, वर इन्सुलेटेड ब्लँकेट टाकून जमीन वितळवतात. मग गरम पाण्यानं कालवलेला माल येतो, त्याभोवती ताडपत्रीचा तंबू आणि आत प्रोपेन वायूचा हीटर. साधारण ३.५ मेगापास्कल ताकद यायच्या आत काँक्रीट गोठलं तर ते कायमचं कमकुवत राहतं. रात्रभर कोणीतरी हीटर सांभाळायचा असतो, आणि ते काम बहुधा नवख्याच्या गळ्यात पडतं. मिळालं तर घ्या, पण तंबूत हवा खेळती आहे ना आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, हे बघितल्याशिवाय आत बसू नका. प्रोपेनचा धूर डोळ्यांना दिसत नाही. कडाक्याच्या थंडीत सिलिंडरचा दाबही पडतो, कारण प्रोपेन उणे ४२ च्या आसपास वायू व्हायचाच थांबतो.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, जी मला कपड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. जानेवारीत काम शोधणं थंडीत काम करण्यापेक्षा अवघड आहे. फूटपाथ, ड्राइव्ह-वे, लँडस्केपिंग जवळजवळ बंद असतं, छपरांचं काम मंदावतं, आणि कंपन्या आपलीच माणसं घरी बसवतात. ती माणसं एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सवर (सरकारी बेकारी विम्यावर) निभावतात, पगाराच्या ५५ टक्के, त्यालाही कमाल मर्यादा. पण त्यासाठी आधी भागानुसार ४२० ते ७०० तासांचं काम झालेलं असावं लागतं, जे तुमच्याकडे नसेल. पीआरची मुदत परवानगी देत असेल तर एप्रिल-मे मध्ये या. तेव्हा साइट उघडतात, दिवस मोठा असतो आणि पहिला हिवाळा येईपर्यंत तुमचे तास आणि ओळखी दोन्ही जमलेल्या असतात. डिसेंबरात इथे उजेड जेमतेम साडेसात तास असतो, हेही हिशेबात धरा.

जानेवारीतच यावं लागलं तर आतलं काम मागा. ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे जिप्सम बोर्ड), इन्सुलेशन, वायरिंग, प्लंबिंगच्या हाताखाली. बंद घरात हीटर लावलेला असतो. सुपरव्हायझरचा अनुभव सांगायला हरकत नाही, पण पहिल्या फोनवर तोच लावून धरू नका. साइटवर पहिले काही महिने तुम्ही लाकूड वाहणारे आणि बर्फ झाडणारेच असाल. पुढे याच धंद्यात राहायचं वाटलं तर अप्रेंटिसशिप (काम करत शिकायचं प्रशिक्षण) घ्या. सुतारकामाला ती चार वर्षांची आहे, शेवटी रेड सील परीक्षा. ते प्रमाणपत्र दुसऱ्या प्रांतातही चालतं.

गाडी घ्याल तेव्हा पुढून लोंबणारी वीजजोडणीची वायर आहे का बघा. ती ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची असते आणि उणे २० च्या खाली ती रात्री लावल्याशिवाय सकाळी सातला साइटवर पोचाल याची खात्री नाही. भाड्याची जागा बघतानाही पार्किंगला प्लग आहे का हे आधी विचारा.