व्हॅस्क्युलर ओटीत पोस्टिंग लागलंय, कोणती अवजारं पाठ करू?

तुम्ही लिहिलंय की ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पुढच्या महिन्यात व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जरीत पोस्टिंग आहे, आणि तुम्हाला अवजारांची यादी व ती पाठ करायची युक्ती हवी आहे. शिवाय एका सरांनी सांगितलंय म्हणे, 'मागितलं ते हातात ठेवायचं, बाकी विचार करायचा नाही.' यादीसाठी नव्हे, या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले.

यादी पाठ असलेली मुलं मी भरपूर पाहिली आहेत. डीबेकी म्हटलं की डीबेकी देतात, बुलडॉग म्हटलं की बुलडॉग (दोन्ही वाहिनी धरायची अवजारं). पण सर्जन नुसता हात पुढे करतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. व्हॅस्क्युलरमध्ये निम्मा वेळ असंच चालतं. भिंगाच्या चष्म्यातून सहा-शून्यची, म्हणजे अगदी बारीक दोऱ्याची, सुई बघणारा माणूस मान वर करून नाव सांगत बसत नाही. पाठ करायचं असेल तर ऑपरेशनचा क्रम करा. वाहिनी मोकळी करणं, तिच्याभोवती लूप (धरून ठेवायची पट्टी) टाकणं, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), दोन-तीन मिनिटं थांबणं, क्लॅम्प (वाहिनी तात्पुरती बंद करणारा चिमटा), अकरा नंबरच्या ब्लेडनं छोटा छेद, पॉट्सच्या कात्रीनं तो वाढवणं, मग जे काय काम असेल ते, शेवटची गाठ मारायच्या आधी दोन्हीकडून थोडं रक्त सोडून हवा आणि गुठळ्या धुऊन काढणं, गाठ, क्लॅम्प सैल. फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडणं) असो की बायपास, सांगाडा हाच. या सांगाड्यात आपण कुठे आहोत हे कळलं की पुढचं अवजार आपोआप हाताशी येतं.

आता माझी गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात मी तेव्हा ओटीत टेक्निशियन होते. एका रात्री एक बाई आली, चाळिशीची. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलेला, त्यात हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली, ठोके अनियमित. अशा हृदयात रक्त साचून गुठळी होते आणि एक दिवस सुटून खाली जाते. दुपारी पाय एकदम दुखायला लागला, गावात वाताचं इंजेक्शन झालं, मग तालुक्याला दाखवलं, आमच्याकडे पोचेपर्यंत रात्र. पाय गुडघ्याखाली पांढराफटक आणि गार, बोटं जेमतेम हलत होती. रक्त बंद झाल्यावर स्नायू साधारण सहा तास तग धरतात असं आपण शिकतो. त्यातले बरेचसे रस्त्यातच गेले होते.

आमच्या सर्जन सरांनी नातेवाइकांना सामानाची चिठ्ठी दिली. तिच्यावर फॉगर्टी (गुठळी ओढून काढायची, टोकाला फुगा असलेली नळी) 4 नंबर, एक. बस. मी ट्रॉली लावत होते. माझ्या डोक्यात साधा हिशोब आला. जांघेतली धमनी मोठी, तिथे 4 नंबर बरोबर आहे. पण गुडघ्याच्या खाली त्याच वाहिनीला फाटे फुटतात, ते बारीक असतात. गुठळी तिथवर गेली असेल तर 4 नंबर अडणार. फॉगर्टीचा नंबर म्हणजे फ्रेंच माप, एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे 3 नंबरची नळी एक मिलिमीटरची. मी मामांना (वॉर्डबॉयना) खालच्या मेडिकलमध्ये पाठवलं, परत करायच्या बोलीवर 3 नंबर आणायला सांगितलं, आणि पाकीट न फोडता बाजूच्या ट्रॉलीवर ठेवलं. सर ऑपरेशनआधीचे हात धूत होते. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "हे कुणी मागवलं? चिठ्ठीत आहे तेवढंच आणायचं." मी "हो सर" म्हटलं. पाकीट तिथेच राहिलं.

केस लोकलमध्येच (तेवढ्याच जागी भूल देऊन) घेतली, भूलतज्ज्ञ डोक्याशी उभे. जांघेत छेद, तिन्ही वाहिन्यांना लूप, हेपरिन, क्लॅम्प, आडवा छेद. 4 नंबर आधी वर गेला, फुगा फुगवला, ओढला, आणि वरून रक्ताचा झोत असा आला की सरांचा चष्मा भरला. वरचं काम झालं. मग खाली. बोटाएवढी काळसर गुठळी बाहेर आली, सगळ्यांनी श्वास सोडला. पण खालून उलटं येणारं रक्त जवळजवळ नव्हतंच. दुसऱ्यांदा घातला तर नळी गुडघ्याच्या जरा खाली जाऊन थांबली. सरांनी पुन्हा प्रयत्न केला, थांबले. मग मान वर न करता म्हणाले, "तीन नंबर आहे?"

होता. सिस्टरनी पाकीट फोडलं, मी एक मिलीची सिरिंज लावून फुगा बाहेरच तपासला आणि हातात दिला. 3 नंबर थेट पोटरीत उतरला. बाहेर आलं ते जाड दोऱ्याएवढं, लांबच्या लांब. त्याच्यामागे खालून रक्त आलं, गडद पण भरपूर. पाऊल आम्ही पारदर्शक पिशवीत ठेवलं होतं (हे लक्षात ठेवा: अख्खा पाय रंगवायचा, बेंबीपर्यंत पोट आणि दुसरी जांघसुद्धा, आणि पाऊल दिसेल असं ठेवायचं), त्यामुळे टाके पूर्ण झाल्यावर बोटांचा रंग बदलताना सगळ्यांना दिसला.

दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टरनी ऑफिसमध्ये बोलावलं. सर बसलेले. तक्रार अशी की टेक्निशियन परस्पर सामान मागवते. मी म्हटलं, "सर, न फोडलेलं पाकीट परत जातं, पेशंटवर एक रुपया चढत नाही." ते म्हणाले, "प्रश्न पैशांचा नाही, शिस्तीचा आहे. टेक्निशियननं हात चालवायचा, डोकं नाही." ती बाई तेव्हा वॉर्डात पाय हलवत होती, तिचा विषयसुद्धा निघाला नाही. मला लेखी समज मिळाली. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

पुढे मला कळलं की ज्या नळीवरून हे सगळं झालं ती बनवणारा माणूस स्वतः स्क्रब टेक्निशियन (टेबलाशी उभं राहून सर्जनला अवजारं देणारा) होता. थॉमस फॉगर्टी, अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. शाळकरी वयापासून हॉस्पिटलात काम करत होता, पुढे ऑपरेशनला स्क्रब करू लागला. त्या काळी गुठळी काढायची म्हणजे वाहिनी लांबच्या लांब उघडायची, तासन् तास ऑपरेशन, आणि तरी पाय जायचे, माणसंही जायची. टेबलाशी उभं राहून हे बघणाऱ्या या पोरानं मूत्रमार्गाची नळी घेतली, सर्जिकल ग्लोव्हच्या बोटाचं टोक कापलं आणि ते नळीच्या टोकाला दोऱ्यानं बांधलं. मासे पकडायचे बारीक गळ बांधायची त्याला लहानपणापासून सवय, ती गाठ तिथे कामी आली. त्यावरचा लेख 1963 साली छापून आला. नंतर तो स्वतः सर्जन झाला, पण कल्पना टेक्निशियनच्या जागी उभं असतानाची. अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधले टेक्निशियन व्हिव्हियन थॉमस तर कधीच डॉक्टर झाले नाहीत, आधी सुतारकाम करणारा माणूस. 1944 साली निळ्या बाळांचं (हृदयातल्या जन्मजात दोषानं निळी पडणाऱ्या) पहिलं ऑपरेशन सर्जन ब्लॅलॉक करत होते तेव्हा हे त्यांच्यामागे स्टुलावर उभे राहून कुठे कसा टाका घालायचा ते सांगत होते. म्हणे डोकं चालवायचं नाही!

असो. तुमच्या कामाचं थोडं.

खोलीत असणं आणि फोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लागू शकेल ते सगळं खोलीत हवं: वरखालच्या नंबरचे फॉगर्टी, पॅच (छेदावर लावायचा तुकडा), ग्राफ्ट (जोडायची वाहिनी), डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र). फोडायचं मात्र सर्जननं मागितल्यावरच. आपल्याकडे पाकिटाचे पैसे बहुतेक वेळा नातेवाईक खिशातून देतात, हे विसरू नका.

हेपरिनवर मी कडक आहे. आपल्या बाजारात 5 मिलीची व्हायल दोन प्रकारची मिळते, एकात 5,000 युनिट, दुसऱ्यात 25,000. आकार सारखाच. साठ किलोच्या माणसाला साधारण 5,000 युनिट द्यायचे असतील तर 25,000 च्या व्हायलमधून 1 मिली घ्यायचं, 5,000 ची अख्खी रिकामी करायची. घाईत उलटं झालं तर काय होईल ते तुम्हीच बघा. व्हायल हातात घेतली की आकडा मोठ्यानं वाचा, समोरच्यालाही वाचायला लावा, कुणी हसलं तरी. ट्रॉलीवरच्या प्रत्येक वाटीवर नाव लिहा: साधं सलाइन, हेपरिनचं सलाइन, पापावेरीन (वाहिनी सैल करणारं औषध), लोकल. सगळी पाण्यासारखीच दिसतात. प्रोटामिन (हेपरिनचा असर उतरवणारं औषध) खोलीत असू द्या, पण क्लॅम्प चालू असताना भरून ठेवू नका.

प्रोलीन (वाहिनीच्या टाक्यांचा दोरा) मधेच धातूच्या चिमट्यानं धरलं की तिथे दोरा दबतो, आणि पुढे तिथेच तुटतो. दुहेरी सुईच्या दोऱ्याचं एक टोक रबर चढवलेल्या मॉस्किटोत (छोट्या चिमट्यात) अडकवून बाजूला ठेवायचं. पाकिटातून काढल्यावर हा दोरा मांज्यासारखा गुंडाळ्या मारतो, तर आधी ओल्या हातानं हलकेच ताणून सरळ करा. जाडी जागेवर ठरते (शून्याआधीचा आकडा मोठा तितका दोरा बारीक): महाधमनीला 3-0, जांघेत 5-0, गुडघ्यामागे 6-0, त्याखाली 7-0. मनगटातल्या फिस्टुलाला 6-0 किंवा 7-0. पायाची शीर ग्राफ्ट म्हणून काढली तर ती उलटी जोडतात, कारण झडपा. म्हणून ती हातात आली की कुठलं टोक वरचं ते लगेच खूण करून ठेवा, वाटीत पडल्यावर कुणालाच आठवत नाही.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वरचे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक युनिटची आपली पद्धत असते, तुमचे सर वेगळं मागतील तर ते द्या. डोस ठरवणं भूलतज्ज्ञांचं काम, तुमचं नाही. आणि विद्यार्थी असताना परस्पर काही मागवू नका. मी नोकरीत होते, तरी मला समज मिळाली. सिस्टरना विचारा, "तीन नंबर असू दे का खोलीत?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा काम होतं. सगळे सर्जन तसे नसतात हेही खरं. नंतर मी ज्यांच्याकडे काम केलं ते केसच्या आधी स्वतः विचारायचे, "तुला काय वाटतं, आणखी काय लागेल?" त्यांच्या ओटीत आवाज कमी आणि काम लवकर व्हायचं.

आणखी एक, मी जुन्या पद्धतीची. आता बरंचसं काम वायर, बलून, स्टेंटनं होतं. तुमच्याकडे कॅथलॅब किंवा हायब्रिड ओटी (जिथे एक्स-रेत बघून असं काम होतं) असेल तर लेड अॅप्रन आणि थायरॉइड कॉलर घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, आणि वायरचं बाहेरचं टोक कुठे लोंबकळतंय ते सतत बघा. त्यातलं बारीक काम तिथल्या माणसांनाच विचारा.

अवजारं ओळखायला पोस्टिंगच्या आधी सीएसएसडीत (अवजारं निर्जंतुक करायच्या विभागात) जाऊन बसा आणि व्हॅस्क्युलरचा सेट पॅक करू द्या म्हणून विचारा. तिथे कामाला हात कमीच असतात, कुणी नाही म्हणणार नाही. क्लॅम्पच्या दातांवरून बोट फिरवून बघा, एखादा दात मोडलेला असेल तर तो सेट वेगळा काढायला सांगा. तोच दात उद्या वाहिनी फाडतो.