‘ब्लड सिंपल’मधली माणसं बिनडोक नाहीत

(पुढे पूर्ण रहस्यभेद आहे. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात घरी चौघांनी मिळून ‘ब्लड सिंपल’ हा कोएन बंधूंचा अमेरिकन खुनाचा सिनेमा बघितला. तुमचे यजमान अर्ध्या तासात पेंगले. दिरांनी निकाल दिला की सगळी पात्रं बिनडोक आहेत, दोन मिनिटं एकमेकांशी सरळ बोलली असती तर कुणी मेलंच नसतं. जाऊबाईंना शेतातला प्रसंग सहन झाला नाही, त्या उठून आत गेल्या. तुम्हाला एकटीला आवडला, शेवटी हसूही आलं, आणि हसू आलं म्हणून मन खात राहिलं. एवढं नाव असलेल्या सिनेमाबद्दल एका घरात चार तोंडं चार दिशांना कशी, असं तुम्ही विचारलंय.

मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. मिरजेतून भाड्याने आणलेली कॅसेट होती. नंतर सांगलीत विश्रामबागेत आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो, तिथे दोनदा लावला. दोन्ही वेळा तुमच्या घरातली चारही मतं जशीच्या तशी ऐकली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दिरांचं मत घेतो, कारण ते सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि मला ते मुळातच पटत नाही.

ही माणसं बोलत नाहीत, हे खरं नाही. ती बोलतात, आणि बहुतेक वेळा खरंच बोलतात. फक्त ऐकणाऱ्याच्या डोक्यात जी हकिकत आहे तिच्याशी ते खरं जुळत नाही. प्रत्येकाच्या डोक्यात काय आहे ते एकदा मांडून बघा. बारमालक मार्टीने बायको अ‍ॅबी आणि तिचा प्रियकर रे यांना मारायची सुपारी डिटेक्टिव्ह व्हिसरला दिली, आणि फोटो बघून त्याला वाटलं काम झालं. फोटो बनावट होते. व्हिसरने पैसे घेऊन मार्टीलाच गोळी घातली, तीही अ‍ॅबीच्या पिस्तुलाने, आणि त्याला वाटलं प्रकरण मिटलं. पण त्याचा लायटर मार्टीच्या टेबलावरच्या मेलेल्या मासळीखाली राहिला, आणि एक फोटो मार्टीने आधीच काढून तिजोरीत टाकला होता. फोटोच्या जागी लिफाफ्यात त्याने काय घातलं होतं आठवतं? कामगारांनी हात धुवावेत अशी सूचना लिहिलेली पाटी. मग रे येतो, मार्टीला खुर्चीत बघतो, पायाखाली अ‍ॅबीचं पिस्तूल येतं. तो काय समजणार? तिनेच मारलं. तो तिला वाचवायला सगळं निस्तरतो. अ‍ॅबीला यातलं काहीच ठाऊक नाही. बारमधल्या मोरिसला वाटतंय की रेने तिजोरीतले पैसे पळवले, कारण सुपारीची रक्कम झाकायला मार्टीनेच तसं सांगून ठेवलं होतं.

आता त्या सकाळचा प्रसंग. रे रात्रभर खपून अ‍ॅबीकडे आलाय. सगळं आवरून टाकलं म्हणून तो तिला धीर देतो आणि तिला कळत नाही काय आवरलं. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडून कुणी बोलत नाही, नुसता पंख्याचा आवाज. अ‍ॅबी फोन ठेवते आणि प्रामाणिकपणे सांगते की मार्टी होता. तिला खरंच तसं वाटलंय. पण मार्टीला ज्याने काही तासांपूर्वी स्वतःच्या हाताने पुरलंय, त्याने हे वाक्य कसं ऐकायचं? त्याला ते खोटंच वाटणार. आणखी कुणी तरी आहे, असंच त्याच्या मनात येणार.

यावर आणखी एक थर आहे, तो मला स्वतःला दुसऱ्या वेळी कळला. सुरुवातीला मार्टी रेला ऐकवतो की एक दिवस ती तुझ्याकडे निरागस डोळ्यांनी बघेल आणि म्हणेल, मी काही वावगं केलेलं नाही. पुढे अ‍ॅबी अगदी तेच बोलते, आणि तिने खरंच काही केलेलं नसतं. मार्टीने कालवलेलं विष तो मेल्यावर काम करतं. दिरांना हे दोन प्रसंग लागोपाठ दाखवा, त्यांचं मत बदलेल असं मला वाटतं.

सिनेमाचं नावही यातच बसतं. ‘ब्लड सिंपल’ हा शब्द डॅशिएल हॅमेट या अमेरिकन रहस्यकथाकाराच्या १९२९ सालच्या ‘रेड हार्वेस्ट’ या कादंबरीतून घेतलाय. रक्तपात जवळून बघितल्यावर माणसाचं डोकं सुन्न होतं, साधा विचार सुचत नाही, ती अवस्था म्हणजे हा शब्द. रे आपल्याच जॅकेटने फरशीवरचं रक्त पुसतो आणि ते आणखी पसरतं. एरवी हा माणूस असा वागला नसता. ‘बिनडोक’ हा दिरांचा शब्द या एका रात्रीपुरता बरोबर आहे, स्वभाव म्हणून चूक.

आमच्याकडे पहिल्यांदा लावला तेव्हा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणारे एक काका होते. सिनेमाची फारशी आवड नाही, नाटकं मात्र लहानपणापासून बघितलेली. सगळे वाद घालत होते आणि ते शांतपणे म्हणाले, ‘अहो, हा फार्स आहे. फक्त हसायची सोय ठेवलेली नाही.’ मी त्या वाक्यावर बरीच वर्षं विचार करतोय आणि मला याहून चांगलं वर्णन सापडलेलं नाही.

बबन प्रभूंचे फार्स आठवा. कपाटात कोण लपलंय हे प्रेक्षकाला माहीत, रंगमंचावरच्या माणसाला नाही. एका दाराने एक जातो, दुसऱ्या दाराने दुसरा येतो, वस्तू नको त्या हातात पडते, आणि प्रत्येक जण आपल्या अर्धवट माहितीवर अगदी तर्काने वागतो. तर्काने वागतो म्हणूनच गोंधळ वाढतो. इथेही दारं आहेत, लिफाफा आहे, विसरलेली वस्तू आहे, चुकीच्या माणसाला चिकटलेला आरोप आहे. फरक इतकाच की फार्समध्ये तिसऱ्या अंकात सगळे एका खोलीत जमतात आणि उलगडा होतो. इथे तो उलगडा कधीच होत नाही. संपूर्ण हकिकत फक्त आपल्याला, बघणाऱ्यांना माहीत असते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीतास्वयंवर’ नाटक उभं केलं त्या आमच्या सांगलीतल्या प्रेक्षकाला ही रचना ओळखू यावी, याचं मला नवल वाटलं नाही. आणि काकांच्या मताला भक्कम पुरावाही आहे: झांग यिमौ या चिनी दिग्दर्शकाने २००९ साली हेच कथानक घेऊन जुन्या काळातल्या चीनमध्ये, वाळवंटातल्या एका नूडल्सच्या दुकानात नेलं, आणि ते उघडउघड विनोदी केलं. सांगाडा तोच आणि तो विनोदात सहज बसतो.

म्हणून तुम्हाला शेवटी आलेल्या हसण्याचं वाईट वाटून घेऊ नका. अ‍ॅबी बंद दारातून गोळी झाडते आणि नवऱ्याला उद्देशून बोलते, कारण तिच्या लेखी दारापलीकडे मार्टीच आहे. व्हिसरला तिने कधी बघितलेलंही नाही. आणि तो मरता मरता खदखदून हसतो, कारण त्या क्षणी फार्स त्यालाही कळलेला असतो. या सिनेमात एवढं कळलेलं एकच पात्र, आणि त्याच्याकडे जेमतेम काही श्वास उरलेत. तुम्ही त्याच्याबरोबर हसलात. एम. एमेट वॉल्श यांनी हा व्हिसर केलाय. स्वतंत्र सिनेमांसाठी अमेरिकेत जे स्पिरिट पुरस्कार सुरू झाले, त्यात पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान त्यांना मिळाला. त्यांचा तो घामट पिवळसर सूट आणि गोड बोलणं बघून मला अजून शिसारी येते.

जाऊबाईंच्या मताशी मी वाद घालणार नाही. शेतातला प्रसंग क्रूर आहेच. मेला म्हणून गाडीत घातलेला माणूस जिवंत निघतो, रस्त्यावर सरपटतो, समोरून ट्रकचे दिवे येतात, आणि शेवटी त्याला नांगरलेल्या रानात जिवंत पुरलं जातं. फारसा संवाद नाही. फावड्याचा आवाज येत राहतो. आमच्यातले डिग्रजचे एक शेतकरी मित्र हे बघताना पुढे सरकून बसले होते. नंतर म्हणाले, ‘ताज्या नांगरटीत खड्डा काढणं सोपं, पण ढेकळं तुडवल्याचा माग पाऊस पडेस्तोवर जात नाही. याला एवढं कसं सुचंना?’ हेच. ते सुचण्याच्या पलीकडे तो गेलाय. पण कुणाला हे बघवत नसेल तर बघू नये. सिनेमा समजण्यासाठी तेवढी वीसेक मिनिटं सोसलीच पाहिजेत, असा आग्रह मी घरातल्या माणसांनाही करत नाही.

आता यजमानांची झोप. संथ आहे, मान्य. पण सुरुवातीच्या अर्ध्या तासात पुढचं सगळं पेरून ठेवलेलं आहे. संथपणाचं दुसरं कारण पैसा. जोएल आणि ईथन कोएन या भावांचा हा पहिलाच सिनेमा, एकूण खर्च सुमारे १५ लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ. सिनेमा हातात नसताना त्यांनी आधी त्याचा ट्रेलर बनवला, आणि तो मिनियापोलिस भागातल्या लोकांना दाखवत थोडे थोडे पैसे उभे केले. आपल्या भाव्यांना निदान सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता, ह्यांना असा कुणीच नव्हता. १९८२ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये चित्रीकरण झालं. गर्दी, पाठलाग, गाड्यांची आदळआपट परवडणारी नव्हती, म्हणून मग पंखा, माशी, पावलं, दाराखालची उजेडाची रेघ यांवर ताण उभा केला. बॅरी सोननफेल्डचा कॅमेरा बारच्या लांब फळीवरून सरकत जातो आणि वाटेत डोकं टेकून पडलेल्या दारुड्यावरून अलगद उचलला जाऊन पुढे जातो, ते परत बघा. मला तो प्रकार आजही शाळकरी पोरासारखा आवडतो. अ‍ॅबी झालेल्या फ्रान्सिस मॅकडॉर्मंडचाही हा पहिलाच सिनेमा, आणि संगीतकार कार्टर बरवेलचाही. आज ज्याला सनडान्स म्हणतात त्या महोत्सवाचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक १९८५ साली या सिनेमाला मिळालं.

माझी एक तक्रारही आहे. अ‍ॅबीला लेखनात फार कमी दिलंय. तिला काय हवंय, मार्टीशी लग्न का केलं, रेमध्ये काय बघितलं, यातलं काही हाती लागत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत ती उभी राहते ती मॅकडॉर्मंडच्या चेहऱ्यामुळे. आमच्यातल्या एका ताईंनी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा मी सिनेमाची बाजू घेऊन भांडलो होतो. आज मला त्यांचंच बरोबर वाटतं.

परत लावणार असाल तर दोन गोष्टी करा. पंख्याचा आवाज कान देऊन ऐका आणि तो कुठे कुठे येतो ते लक्षात ठेवा. त्यासाठी टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा लागेल. आणि भिंतीला पडलेल्या गोळ्यांच्या भोकांतून उजेडाच्या सळया खोलीत शिरतात तो प्रसंग खोलीतले दिवे घालवूनच बघा. यजमानांना पहिला अर्धा तास जागं ठेवायचा उपाय म्हणजे त्यांना लायटरवर नजर ठेवायला सांगायचं, आणि का ते सांगायचं नाही.