जगाचा कर्ता आणि सव्वा मूठ गहू

"ताई, पोरगं सायन्स शिकलं आणि देव मानेनासं झालं. आता त्याचं कसं होणार?" जळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की, समोरची आई पदर सावरून बसायला लागली की काय विचारणार याचा मला अंदाज येतो. कधी हा प्रश्न मामा विचारतो, कधी मोठा भाऊ. कधी तो दुसऱ्या बाजूने येतो: "घरच्या पूजेला बसलो तर स्वतःशी खोटं वागल्यासारखं वाटतं, नाही बसलो तर आईचं तोंड बघवत नाही." या काळजीवर मी तोंडी पुष्कळ बोलले आहे. आज एका घराची हकीकत लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि पाच महिन्यांतल्या सात बैठका थोडक्यात आणल्या आहेत.

हे घर अमळनेर तालुक्यातले. वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, कापूस आणि मका पिकवणारे, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी न चुकवणारे. मुलगा पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारा. पहिल्या दिवशी आई एकट्याच आल्या होत्या.

ज्यांना खान्देश परिचित नाही त्यांच्यासाठी सांगते की, श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला देवीचे रूप देऊन, दागिने घालून तिची रविवारी स्थापना होते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन. यासाठी भाऊबंद जिथे असतील तिथून गावी येतात. या उत्सवात रोट असतात. अनेक घरांत कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, मग तो पाळण्यातला का असेना, सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळतात आणि त्याच पिठाचा प्रसाद होतो. त्या वर्षी गहू मोजणे चालू असताना हा मुलगा चुलत्यांसमोर म्हणाला, "नारळाला डोळे लावून देव होत नाही, आणि हे जगही कुणी केलेलं नाही." आप्पा म्हणाले, "मग याच्या नावाचा गहू घेऊ नका." आणि खरोखरच तो घेतला गेला नाही. त्यानंतर बापलेकांचे बोलणे बंद झाले.

"मना पोऱ्या," म्हणजे माझा मुलगा, एवढेच म्हणून आई थांबल्या. मग उजव्या हाताची मूठ मिटून त्यांनी मला दाखवली. "एवढीच मूठ, ताई. बावीस वर्षं दर श्रावणात मी पाहिली. यंदा सुपात ती पडलीच नाही."

मी ती मूठ माझ्या वहीत लिहून ठेवली. पुढच्या बैठकांत विश्वाच्या उत्पत्तीवर जे काही बोलणे झाले, त्या सगळ्या काळात ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मला आजही वाटते की मी त्या दिवशी नेमके तेच टिपले, हे बरे झाले.

मुलगा आला तो तयारीनेच आला. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली, त्याचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे आहे, सजीवांची उत्क्रांती झाली आहे, डार्विनने 1859 मध्येच ते मांडले आहे, आणि सगळे देवाने केले असेल तर देवाला कुणी केले, याचे उत्तर आप्पांकडे नाही, असे तो एका दमात सांगत होता. मी त्याला विचारले, "हे सगळं मला पटलं, तर तुझं काय बदलेल?" तो गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आप्पांना पटायलाच पाहिजे. माझे वडील असं अशास्त्रीय कसं मानू शकतात?"

पुढच्या बैठकीत आप्पा एकटे आले. त्यांचेही म्हणणे तयार होते: "घड्याळ आपोआप होत नाही, मग एवढं जग आपोआप कसं होईल? आणि तो स्फोट म्हणतात, तो तरी कुणी केला?" मी तोच प्रश्न त्यांना केला. त्यांनी माळेचा एक मणी बोटांत धरला आणि म्हणाले, "त्यानं मानलंच पाहिजे. माझ्या पोटचा आहे तो."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे आणि या पद्धतीवर माझा विश्वास वर्षागणिक वाढत गेला आहे. माणसाला त्रास देणारे मूळ शोधताना मी त्याच्या बोलण्यातला 'च' ऐकते. 'पटायलाच पाहिजे', 'मानलंच पाहिजे'. आपल्या मराठीने हट्टाला एका अक्षराची खूण दिली आहे, ही फार मोठी सोय आहे. या पद्धतीचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस स्वतः निरीश्वरवादी होते आणि सुरुवातीच्या काळात धर्मश्रद्धेवर त्यांनी कठोर टीका केली होती. उत्तरायुष्यात मात्र त्यांनी ती भूमिका बदलली आणि माणूस आजारतो तो श्रद्धेमुळे नव्हे, तर कशाचाही टोकाचा आग्रह धरल्यामुळे, असे मांडले. माझा अनुभवही हेच सांगतो. देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोघांतही मी शांत माणसे पाहिली आहेत, आणि दोघांतही रात्र रात्र न झोपणारी पाहिली आहेत.

मग दोघांना एकत्र बसवले. पहिली एकत्र बैठक वादातच गेली आणि मी ती जाऊ दिली. "देवाला कुणी केलं?" "स्फोटाला कुणी केलं?" हे दोन प्रश्न खोलीत चेंडूसारखे फिरत राहिले, आणि ते ऐकताना माझ्या लक्षात आले की हा एकच प्रश्न आहे, आणि आमच्याच भागात त्यावर फार पूर्वी विचार होऊन गेला आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला दोघेही जाऊन आलेले होते. तिथल्या यादवकालीन शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. याच भास्कराचार्यांनी 1150 मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात पृथ्वी कशावर टेकली आहे या प्रश्नाचा विचार केला. त्यांचे म्हणणे असे: पृथ्वीला कुणी मूर्त आधार असेल तर त्या आधाराला दुसरा लागेल, दुसऱ्याला तिसरा, आणि याला अंतच राहणार नाही, शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीने टिकून आहे असे मानायचेच असेल, तर ते पहिल्यांदाच, म्हणजे पृथ्वीबद्दलच का मानू नये? मी हे सांगितल्यावर मुलगा सरसावून बसला. त्याला ते आपल्या बाजूचे वाटले. तेव्हा मी पुढचेही सांगितले: याच भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा आरंभ गजाननाच्या वंदनाने होतो.

आप्पांनी बराच विचार केला. "म्हणजे कुठंतरी थांबावंच लागतं," ते म्हणाले. "मी पांडुरंगापाशी थांबतो."

"मी निसर्गाच्या नियमांपाशी," मुलगा म्हणाला. "आणि त्याच्या आधीचं माहीत नाही, असं म्हणतो."

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण अनेक समुपदेशक या ठिकाणी गडबड करतात. मी त्यांना 'तुम्ही दोघे एकच सांगता आहात, फक्त शब्द वेगळे' असे म्हटले नाही. ते खरे नाही. जगाला जाणता कर्ता आहे आणि तसा कर्ता नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत. त्यांची गोड खिचडी करणे हा श्रद्धेचाही अपमान आहे आणि विचाराचाही. मतभेद खरा आहे, तो राहील. फक्त तो मिटेपर्यंत सुपातली मूठ अडवून धरण्याचे कारण नाही, एवढेच मला त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे होते.

दोघांच्याही मनात काही चुकीच्या समजुती होत्या, त्या मात्र मी दूर केल्या. मुलाला वाटत होते की खरा वैज्ञानिक देव मानूच शकत नाही. विश्वाला आरंभ असावा ही कल्पना ज्याने 1931 मध्ये आद्य अणूच्या रूपाने मांडली, तो बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता, हे त्याला माहीत नव्हते. आप्पा लगेच म्हणाले, "बघ!" तेव्हा त्यांनाही सांगावे लागले की 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात निर्मितीची साक्ष आहे, अशा अर्थाचे भाषण केले, ते लमेत्र यांना रुचले नव्हते; आपले गणित आणि आपली प्रार्थना ते वेगवेगळ्या जागी ठेवत. उलट बाजूला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांनी आरंभ नसलेल्या विश्वाची मांडणी केली. विज्ञानात याचा कौल कुणाच्या श्रद्धेने लागला नाही. 1965 मध्ये जाहीर झालेल्या आकाशभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाने बहुतेक शास्त्रज्ञांचे मत आरंभाच्या बाजूला वळवले.

आप्पांचा गैरसमज 'नास्तिक' या शब्दाचा होता. तो शब्द त्यांना कुलक्षयासारखा वाटत होता. आपल्या परंपरेत आस्तिक म्हणजे वेदांचे प्रामाण्य मानणारा. आणि पूर्वमीमांसेसारखे वेदांना सर्वोच्च मानणारे दर्शनही जगाचा कर्ता मानत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त तर सृष्टी कुठून झाली हे वरून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, अशा शंकेवर संपते. "हे वेदात आहे?" आप्पांनी दोनदा विचारले. ज्या अमळनेरला ते बाजाराला जातात तिथे प्रतापशेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, ते असल्याच प्रश्नांच्या अभ्यासासाठी, याचीही मी त्यांना आठवण दिली.

पण माहितीने मन उघडत नाही. ते पाचव्या बैठकीत उघडले.

मी दोघांना एक काम दिले होते. समोरच्याचे म्हणणे असे सांगायचे की त्याने "हो, मला हेच म्हणायचं आहे" असे म्हटले पाहिजे. तोवर स्वतःचे म्हणणे मांडायचे नाही. आप्पांना ते तीन वेळा जमले नाही. पहिल्यांदा ते म्हणाले, "याला कशाचीच किंमत नाही." मुलाने मान हलवली. दुसऱ्यांदा, "याला पुस्तक मोठं वाटतं." तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबले. चौथ्यांदा टोपी काढून गुडघ्यावर ठेवत, सावकाश म्हणाले, "जे माहीत नाही, ते माहीत आहे असं म्हणायची याला लाज वाटते."

"हो, आप्पा," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता.

मग त्याची पाळी. मला वाटले होते तो घड्याळाचा दाखला सांगेल. तो म्हणाला, "2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूस गेला. मी तेव्हा शाळेत होतो. आप्पा पहाटे शेतात गेले, मी मागून गेलो होतो, त्यांना माहीत नाही. त्यांनी एक बोंड फोडलं, आतली अळी पाहिली, 'पांडुरंगा' म्हणाले आणि पऱ्हाटी उपटायला लागले. देव अळी मारेल असं ते कधीच म्हणाले नाहीत. फवारणी त्यांनीच केली होती, कर्जही त्यांनीच फेडलं. त्यांचा देव जग करणारा नाही. त्या शेतात त्यांच्याबरोबर उभा राहणारा आहे."

आप्पांनी "हो" म्हटले नाही. ते उपरण्याने डोळे पुसत राहिले. नंतर त्यांनी विचारले ते असे: "मी गेल्यावर खांदा देशील ना रे?"

तो क्षण माझ्या आजवरच्या कामातला फार मोलाचा आहे. आम्ही महिनाभर विश्वाच्या कर्त्याविषयी बोलत होतो, आणि खालचा प्रश्न हा होता. मुलाचा देवावर विश्वास नाही म्हणजे त्याचा आपल्यावरही उरलेला नाही, असे त्या माणसाने स्वतःशी ठरवून टाकले होते. मुलानेही आपल्या नावाचा गहू नाकारला गेला, म्हणजे या घरात आपल्याला जागा फक्त हात जोडण्याच्या अटीवर आहे, असा अर्थ काढला होता. कर्त्याचा वाद दोघांनाही सोपा जात होता, कारण त्यात हे बोलावे लागत नव्हते.

म्हणून अशा घरांतल्या आईवडिलांना मी सांगते की मूल देव नाकारते तेव्हा त्याला पुरावे देऊ नका. ते तुमच्याहून जास्त वाचून आलेले असते. "तुला हे कधीपासून वाटतं?" एवढे विचारा आणि ऐका. आरतीला उभे राहणे आणि आरतीवर विश्वास असणे यांत फरक करू द्या. मुलांना सांगते की भाऊबंदांसमोर वडिलांना निरुत्तर करणे म्हणजे विज्ञान नव्हे. तुमच्या नकाराशी प्रामाणिक राहा, हात जोडू नका, पण तो नकार आदल्या रात्री घरच्यांना शांतपणे सांगा. एक इशाराही देते: मूल पापाच्या भीतीने पुन्हा पुन्हा हात धूत असेल, तेच तेच मंत्र मोजत असेल, किंवा नको ते विचार देवाबद्दल येतात म्हणून झोपत नसेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न नाही, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, उपचाराने फरक पडतो.

पुढच्या श्रावणात त्या माऊलीचा फोन आला. मुलगा शनिवारी रात्रीच गावी पोहोचला होता. कानबाईपुढे हात जोडणार नाही, असे त्याने आधीच कळवले होते, आणि आप्पांनी ते भावांना स्वतः सांगून ठेवले होते. गहू मोजायला या वेळी आप्पाच बसले. सगळ्यांच्या मुठी झाल्यावर त्यांनी मुलाच्या नावाची घेतली, वरची पाव मूठ सुपात टाकली, आणि सूप त्याच्या हातात देऊन म्हणाले, "गिरणीवर जाऊन ये."

"आणि रात्री, ताई," त्या सांगत होत्या, "दोघं ओट्यावर एकाच खाटेवर बसून अकरापर्यंत भांडत होते. त्या स्फोटाच्या आधी काय होतं म्हणून."