मोफत वीज, स्वस्त ठिबक आणि विहिरीचा तळ

प्रश्न : कृषिपंपाचे बिल शून्य झाल्यापासून आमच्या शिवारातल्या विहिरी लवकर तळ गाठतात. मोफत वीजच ना कारण?

साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, हे खरे. पण राज्यातल्या लाखो पंपांना त्याआधीही मीटर नव्हता, आकारणी एचपीवर होती. मोटर दोन तास चालली काय किंवा आठ तास, बिल तेवढेच. त्यामुळे जास्त उपसा केला म्हणून जास्त पैसे तेव्हाही पडत नव्हते. (बिल भरणारे तरी किती होते, ते सोडा.) उपशाला लगाम होता तो वीज किती तास येते याचा. तोही ढिलाच, कारण लाइट रात्री येणार म्हणून ऑटो स्विच लावून माणूस झोपतो आणि पहाटे पाणी बांधाबाहेर गेलेले असते.

माझी खरी काळजी सौरपंपाची आहे. दहा टक्के हिस्सा भरला की पंप मिळतो आणि रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायचे संपते. ही सोय मोठी आहे. पण ऊन कडक असते मार्च ते मेमध्ये, आणि विहिरीत पाणी कमी असते तेही तेव्हाच.

पंजाबने २०१८ मध्ये एक वेगळी वाट धरली. शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा द्यायचा आणि त्यातले जे युनिट तो वापरणार नाही, त्या प्रत्येकाचे ४ रुपये त्याच्या हाती ठेवायचे. अनुदान राहिले, शिवाय मोटर बंद ठेवण्याला किंमत आली. यासाठी मीटर मात्र लागतो, आणि मीटरचे नाव काढले की आपल्याकडे गाव अंगावर येते!

प्रश्न : ऐंशी टक्के अनुदानावर गावात बहुतेकांनी ठिबक केले. तरी पाणीपातळी वाढत नाही. कुठे चुकले?

ठिबक चुकले नाही. आधी एक एकर भिजायचे तेवढ्या पाण्यात आता दोन एकर भिजतात, आणि माणूस ते दोन एकर भिजवतोच. मीही भिजवले असते. शिवाय पाटपाण्यातले जे पाणी मुरून शेजाऱ्याच्या विहिरीत उतरायचे, तेही आता थांबले. अनुदान नळ्यांना मिळते. वाचलेल्या पाण्याचे काय करायचे, हे त्यात कुठेच लिहिलेले नाही. हिवरे बाजारने ते गावात ठरवले. तिथे शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिके ठरतात.

प्रश्न : विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघाले. उकळून प्यावे का?

नाही. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटल्याने उलट दाट होते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्याहून जास्त असेल तर तान्ह्या बाळाच्या दुधासाठी ते पाणी अजिबात वापरू नका. शेणखड्डा किंवा शौचालयाचा शोषखड्डा विहिरीजवळ आहे का, ते आधी बघा. मग युरियाकडे या. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, स्फुरद-पालाशची खते त्यामानाने कितीतरी महाग. म्हणून हात युरियाकडेच जातो. युरियातले पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन पहिल्या मोठ्या पावसात खाली उतरते. माती तपासून घ्या आणि युरिया एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्या.