वजनाची वही

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. एका खासगी विद्यापीठात अर्थशास्त्रासाठी अर्ज करतोय. त्यात स्वतःबद्दल इंग्रजीत निबंध मागितला आहे. क्लासचे सर म्हणतात, 'यवतमाळचा आहेस, शेतकरी आत्महत्येवर लिही, लगेच घेतील.' आमच्या घरी देवाच्या कृपेनं तसं काही झालं नाही. पोरगा म्हणतो, मग माझ्याजवळ लिहायला काहीच नाही. तसा हट्टी आहे. मागच्या हंगामात माझ्याशीच भांडला. दवातला कापूस जड भरतो म्हणून मी वेचणाऱ्या बायांच्या वजनातून किलो-दीड किलो कापत होतो, तर त्यानं वही लिहिणंच सोडलं. त्याला काय लिहायला सांगू?
— एक पालक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

भाऊ, नमस्कार.

सरांचं ऐकू नका. ज्या घरातला माणूस गेला, ते दुःख त्या घराचं आहे. ते आपल्या अर्जाला जोडायचं नसतं. शिवाय अशा ठिकाणी निबंधानंतर बहुतेक वेळा मुलाखत असते. तिथं दोन प्रश्न विचारले की उसनी गोष्ट उघडी पडते. परिस्थिती सांगण्यासाठीही निबंध खर्चू नये. फी-सवलतीचा अर्ज सहसा वेगळा असतो, त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आताच काढून ठेवा.

'लिहायला काही नाही' असं पोराला वाटतं, यात त्याचा दोष नाही. शाळेत आपण त्याला फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहायला लावलं, नदीचं मनोगत लिहायला लावलं. तू स्वतः काय पाहिलंस, हे कुणी विचारलंच नाही. पुढं सीईटीच्या तयारीत तर चार पर्यायांतून एक निवडायचा, एवढंच.

आणि भाऊ, निबंध तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलात.

सतरा वर्षांचा पोरगा वावरात काट्याजवळ बसून प्रत्येक बाईचे किलो लिहितो. मजुरी किलोवर, म्हणजे त्याच्या आकड्यावर तिचा त्या दिवसाचा पैसा ठरतो. सकाळचा कापूस दवानं ओला, हे तुमचं म्हणणं खरं आहे. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो, त्याहून जास्त असला तर भावात कपात होते आणि 12 टक्क्यांवर गेला तर कापूस घेतच नाहीत. म्हणजे ओलाव्याचा मार तुम्हालाही बसतो. मग तो कुणी सोसायचा? मालकानं, की पहाटे घरचं आवरून आलेल्या बाईनं? अर्थशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलाला याहून चांगला प्रश्न मी तरी सुचवू शकत नाही, आणि हा त्याला वावरातच पडला.

त्याला सांगा, त्या एका दिवसावर लिही. वही मिटली तो दिवस. कोण काय बोललं, बाबा काय म्हणाले, त्या रात्री घरी जेवताना काय झालं. तुमची बाजूही त्यानं नीट मांडली पाहिजे. बापाला खलनायक केलं तर निबंध कच्चा होईल. उत्तर सापडलं नसेल तर 'सापडलं नाही' असंच लिहावं. निवड करणाऱ्यांना मुलगा विचार कसा करतो ते बघायचं असतं. तुम्हाला हे वाचणं जड जाईल, मला कल्पना आहे. तरी त्याला थांबवू नका.

पहिला खर्डा मराठीत होऊ द्या, घरी बोलता तशा बोलीत. शब्द मोजू नका. मग त्यानं स्वतःच इंग्रजीत आणावं. 'वेचणी', 'वावर' हे शब्द तसेच ठेवून शेजारी अर्धं वाक्य समजावलं की पुरे. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, पण विकतचा किंवा मोबाइलकडून लिहवून घेतलेला निबंध नको. शब्दमर्यादा अर्जात दिलेली असते, ती काटेकोर पाळावी. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच चालतो त्या ऑनलाइन अर्जात, मुख्य निबंधाला 650 शब्द मिळतात. पोराला तिकडेही अर्ज करायचा असेल तर हाच मजकूर थोडा बदलून कामी येईल.

आणखी एक. वहीतल्या बायांची नावं निबंधात बदलायला सांगा. आणि पाठवण्याआधी त्यांच्यापैकी एकीला तो मराठीत वाचून दाखवू द्या. काही चुकलं असेल तर तीच सांगेल.