लॅमिनेट फ्लोअरिंगच्या फळ्यांमध्ये आखूड टोकांना फटी पडल्यात, पुटी भरली तर चालेल का?

भरू नका. मी नेरूळच्या घरी हा उद्योग करून बसलोय. २ मिलिमीटरच्या फटीत रंग जुळवून लाकडाची पुटी भरली, पावसाळ्यात फळ्या फुगल्या आणि पुटीचा चुरा वर आला. पुढे कित्येक दिवस झाडूत तोच.

लॅमिनेट खाली चिकटवलेलं नसतं. फळ्या एकमेकींत अडकवून फोमवर नुसत्या पसरलेल्या असतात. आपल्या दमट हवेत त्या फुगतात, डिसेंबर-जानेवारीत किंवा सतत एसी चालला की आकसतात. भिंतीलगत स्कर्टिंगखाली ८ ते १० मिलिमीटर मोकळी जागा सोडतात ती यासाठीच.

तुमच्या फटी फळ्यांच्या आखूड टोकांना आहेत म्हणता, मग काम घरच्या घरी होईल. आधी फट टूथपिकने आणि व्हॅक्यूमने साफ करा. आत कचरा असेल तर कितीही ठोका, मिटत नाही (हे कळायला माझा अर्धा रविवार गेला). मग फटीच्या भिंतीकडच्या फळीवर डबल साइड टेपने लाकडाचा ठोकळा घट्ट चिकटवा. काच उचलायचा सक्शन कप मिळाला तर आणखी बरं. फटीत थोडासा फेविकॉल सोडा आणि ठोकळ्याला फटीच्या दिशेने रबरी हातोडीचे आडवे, हलके ठोके द्या. ही फट मिटेल आणि त्या फळीच्या मागे नवी उघडेल. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. एकेक फळी सरकवत फट भिंतीपर्यंत न्यायची, तिथे ती स्कर्टिंगखाली लपते. बाहेर आलेला फेविकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसा.

एवढं करूनही आमच्याकडे पुढच्या हिवाळ्यात फट दुसऱ्या जोडात हजर! शोधलं तर सुताराने बेडरूमच्या दारातली पट्टी थेट लॅमिनेटमधून स्क्रू मारून बसवलेली. एक टोक जखडलेलं, मग आकसताना ताण मधल्या जोडावर येणारच. ते स्क्रू काढून पट्टी दोन खोल्यांच्या फळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून खालच्या लादीत पक्की केली, तेव्हा कुठे थांबलं. तुमच्याकडेही दारातली पट्टी आणि फ्लोअरिंगवर उभं केलेलं जड कपाट आधी बघा.

फटी लांब कडेला असतील तर भिंतीकडून फळ्या उकलून परत बसवाव्या लागतात, तिथे सुतारच बोलवा. आणि कडा फुगून वर आल्या असतील तर ठोकत बसू नका, आत पाणी गेलंय. आधी बाथरूमची गळती शोधा. ती फळी बदलावीच लागेल.