ओव्हरहॉलला जुनेच हेड बोल्ट चालतील का? नवीन घ्यायचे तर कोणते, आणि आवळायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) फेसिंग करून, म्हणजे खालून घासून सपाट करून आलंय, जुने बोल्ट दिसायला ठणठणीत आहेत, आणि कोणीतरी सांगितलंय की १२.९ ग्रेडचे बोल्ट टाका, म्हणजे गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं सील) पुन्हा जाणार नाही. या शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

हेड बोल्टचं काम ताणलेल्या स्प्रिंगचं आहे. बोल्टचा साधारण १०० मिमी भाग ताणला जात असेल, तर १०.९ ग्रेडचं पोलाद कायमचं लांब व्हायच्या आधी जेमतेम ०.४ मिमी ताणतं. गॅस्केट दाबून धरते ती एवढीशी लांबी. त्यात ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १०० मिमी जाडीचं हेड ८० अंशांनी तापलं की ते बोल्टपेक्षा सुमारे ०.०९ मिमी जास्त वाढतं, आणि हा जादा ताण दर वेळी बोल्टला सोसावा लागतो. म्हणून बऱ्याच इंजिनांत बोल्ट मुद्दाम ताणाच्या हद्दीपर्यंत, कधी किंचित पलीकडेही आवळतात. तिथे पोहोचलेला बोल्ट आणखी थोडा लांबला तरी त्याचा दाब फारसा वाढत नाही, आणि सगळ्या बोल्टांवर दाब जवळपास सारखा राहतो.

आता १२.९ घ्या. ग्रेडचा पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये, आणि दशांशानंतरचा आकडा म्हणजे त्याच्या किती हिश्श्यावर बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १०.९ चा बोल्ट ही हद्द सुमारे ९०० वर गाठतो, १२.९ चा सुमारे १०८० वर. शेवटी बोल्ट किती अंश फिरवायचा त्या कंपनीने दिलेल्या डिग्री १०.९ साठी मोजलेल्या असतील, तर १२.९ चा बोल्ट तेवढ्याच डिग्रीत हद्दीच्या अलीकडे राहतो. मग इंजिन तापल्यावर दाब बेहिशेबी चढतो आणि ॲल्युमिनियम ब्लॉकमधले आटे आधी ओढले जातात. शिवाय दुकानातल्या साध्या १२.९ बोल्टला मूळ बोल्टसारखी बारीक कंबर नसते, डोक्याखालची फ्लँजही (रुंद कड) नसते. माझं मत: आपल्या इंजिन नंबरवरून मूळ पार्ट नंबरचा, नाहीतर त्याच मापाचा नावाजलेल्या कंपनीचा पूर्ण सेट घ्या. अर्धे जुने, अर्धे नवीन नको.

जुने चालतात का? मॅन्युअलमध्ये शेवटचा टप्पा डिग्रीत दिला असेल (९०°, पुन्हा ९०° असा), तर बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे आहेत. काही कंपन्या पुन्हा वापरू देतात, पण लांबीची कमाल मर्यादा किंवा आट्याजवळच्या व्यासाची किमान मर्यादा देऊन. मर्यादा छापलेली असेल तर व्हर्नियरने मोजा, नसेल तर नवीन घ्या. डोळ्यांवर भरवसा नको. एक सोपी परीक्षा आहे: त्याच मापाचा नवा नट बोल्टवर हाताने शेवटपर्यंत फिरवा. मध्येच कुठे अडला तर तिथला आटा ताणलेला आहे, बोल्ट बाद. मात्र नट सरळ गेला म्हणून बोल्ट चांगला ठरत नाही.

सेट आला की जुना आणि नवा बोल्ट शेजारी ठेवून डोक्याखालची लांबी, आट्यांची लांबी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) जुळवा. काही इंजिनांत दोन लांबीचे बोल्ट असतात. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून भोकं पाडा आणि उघडताना बोल्ट आपापल्या जागी खोचा, म्हणजे गोंधळ होत नाही.

फेसिंगचा परिणाम बहुतेकजण विसरतात. हेड ०.३ मिमी घासलं, ब्लॉकही घासला, तर बोल्ट तेवढाच खोल जातो. भोक तळाशी बंद असेल आणि बोल्ट तळाला टेकला, तर टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला आवाज करणारा पाना) इमानदारीने कट् वाजवतो आणि हेडवर मात्र दाब शून्य. म्हणून आधी मोजा: वॉशरसह बोल्ट हेडमध्ये घाला, खाली किती बाहेर येतो ते पाहा, त्यातून दाबलेल्या गॅस्केटची जाडी वजा करा आणि भोकातल्या आट्यांच्या खोलीशी ताडून बघा. आटे भोकाच्या तळाआधीच संपतात, हे धरूनच. निदान दोन-तीन मिमी जागा उरली पाहिजे. नसेल तर त्या इंजिनासाठी जाड गॅस्केट मिळतं का ते पाहा. कडक वॉशर घालून काही ठिकाणी भागतं, पण बोल्टला फ्लँज असेल आणि हेडमध्ये खोलगट बैठक असेल तर तिथे तो बसत नाही.

भोकं साफ करणं हे कंटाळवाणं काम, पण निम्मं यश त्यातच. नेहमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आटे कापतो, आणि भोक सैल होतं. आटे साफ करणारा चेझर वापरा, नाहीतर जुन्या बोल्टच्या आट्यांवर उभी खाच पाडून तो फिरवा. मग कॉम्प्रेसरच्या हवेने भोक कोरडं करा, डोळ्यांवर चष्मा हवाच. तळाशी चमचाभर कूलंट किंवा तेल राहिलं तर बोल्ट पिस्टनसारखा त्यावर दाब देतो. द्रव दबत नाही, त्यामुळे कास्टिंगला तडा जातो. भोक वॉटर जॅकेटमध्ये (कूलंट फिरतं त्या पोकळीत) उघडत असेल, तर त्या बोल्टच्या आट्यांना टेफ्लॉनयुक्त थ्रेड सीलर लावा, नाहीतर कूलंट आट्यांतून वर चढतं. ॲल्युमिनियमचे आटे मेले असतील तर थ्रेड इन्सर्ट (भोकात बसवायचे नवे आटे) बसवून घ्या.

आता तेल. टॉर्क रेंचवरच्या जोरातला साधारण १० टक्केच बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. म्हणून तोच आकडा कोरड्या बोल्टला कमी पडतो आणि मॉलिब्डेनम ग्रीस लावलेल्याला जास्त होतो. मॅन्युअल म्हणेल तेच लावा. तेल सांगितलं असेल, तर आट्यांवर आणि डोक्याच्या बैठकीवर बोटाने पातळ थर द्या, ठिबकणारं नको. काही बोल्ट कंपनीकडूनच लेप लावून येतात, ते धुऊ नका आणि तेलही लावू नका. वॉशरची उतरती कड बोल्टच्या डोक्याकडे, म्हणजे वर.

आवळताना मधल्या बोल्टपासून गोलगोल बाहेर, प्रत्येक टप्पा सगळ्यांना देऊन मगच पुढचा. समजा मॅन्युअलमध्ये ३० न्यूटन मीटर, ६० न्यूटन मीटर, मग ९०° आणि ९०° असेल (तुमचे आकडे वेगळे असतील), तर प्रत्येक फेरी पूर्ण करा. रेंच एका दमात ओढा. अर्ध्यात थांबून पुन्हा ओढलं तर सुरुवातीचं घर्षण मधे येतं आणि आकडा चुकतो. डिग्रीसाठी अँगल गेज नसेल तर प्रत्येक डोक्यावर एकाच दिशेला रंगाचा ठिपका द्या. एम १२, पिच १.७५ असलेल्या बोल्टला ९०° म्हणजे ०.४४ मिमी, त्यामुळे दहा-पंधरा अंशांची चूकही चालत नाही. डिग्री देताना हाताला जोर वाढत जायला हवा, हद्दीजवळ फार तर तेवढाच राहील. अचानक मऊ लागला तर थांबा, आटे ओढले जात आहेत किंवा बोल्ट तुटायच्या बेतात आहे. कर्र् आवाज करत झटके देत असेल, तर घर्षण जास्त आहे. पहिल्या टप्प्यांतच कळलं तर सगळे सैल करून तेल तपासा. डिग्रीचे टप्पे झाल्यावर हेड पुन्हा उघडावं लागलं, तर पुन्हा नवीन सेट.

इंजिन चालवल्यावर पुन्हा आवळायचं का? डिग्रीच्या बोल्टांवर मल्टी लेयर स्टील (पोलादाच्या अनेक पातळ पत्र्यांचं) गॅस्केट असेल तर हात लावू नका. जुन्या धर्तीच्या कॉम्पोझिशन गॅस्केटला कंपनीने री-टॉर्क सांगितलं असेल, तर इंजिन एकदा तापवून मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे थंड किंवा गरम असताना करा, आणि नंतर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट) पुन्हा मोजा.